डोनलच्या गावचा रविवारचा निकाल

आमच्या क्लबाला मैदानाच्या कडेला एक लोखंडी कपाट मिळालं आहे. कप ठेवायला म्हणून आम्ही ते मागून घेतलं होतं. नऊ वर्षांत कप काही आला नाही, त्यामुळे त्यात सध्या हवा भरायचा पंप, प्रथमोपचाराचा डबा आणि श्रीपादचा एक मोजा असतो. किस्से मात्र इतके साठलेत, की ब्राउनश्वाइगमधली चार मराठी माणसं कुठे चहाला जमली की कोणीतरी म्हणतंच, "मिलिंद, तो डोनलचा सांग ना." पूर्वी मी सांगायचो आणि सगळे हसायचे. हल्ली शेवटाला आलो की मीच चहा ओतायला उठतो. पण विचारलंय, तर सांगतो.

डोनल आयर्लंडचा. वय अठ्ठेचाळीस. रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर. त्याचा खेळ हर्लिंग. पंधरा-पंधरा माणसं हातात पुढे चपटी होत गेलेली लाकडी काठी घेऊन एका चामड्याच्या चेंडूमागे धावतात. इंग्रजी एच अक्षरासारखे उंच खांब असतात. चेंडू आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. पैसे कोणालाही मिळत नाहीत. रविवारी हाड मोडून घ्यायचं आणि सोमवारी पहाटे गाईंच्या धारा काढायच्या. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या गावात जन्मलो त्याच गावाकडून खेळायचं, शेवटपर्यंत.

* * *

आम्ही या भानगडीत पडलो ते सह्यांमुळे. जर्मनीत क्लब काढायचा तर फेराइन, म्हणजे संस्था, रजिस्टर करावी लागते, आणि त्याला किमान सात सभासद लागतात. डोनलकडे तीनच होते. तो स्वतः, कात्रीन नावाची एक नर्स आणि तिचा नवरा.

आम्ही मराठी मंडळी तेव्हा रविवारी ओकर नदीच्या काठी क्रिकेट खेळायचो. हा माणूस तीन रविवार कडेला उभा राहून बघत होता. आम्हाला वाटलं, आवाजाची तक्रार करायला आलेला शेजारी असणार. चौथ्या रविवारी तो जवळ आला आणि म्हणाला, "तुमच्यातले चौघं सही करतील का?"

श्रीपाद तेव्हा युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, खेळायचं थोडंच आहे? नुसती सही तर करायची."

मंगळवारी संध्याकाळी डोनल गाडीत सात काठ्या घालून आमच्या दारात हजर! पहिल्या सभेत मला क्लबाचा श्रिफ्टफ्युअरर, म्हणजे सेक्रेटरी करण्यात आलं, कारण पेन फक्त माझ्याकडे होतं. ते पेन मी त्या दिवशी घरी विसरलो असतो, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

* * *

पहिल्या महिन्यात डोनल आमच्यापुढे अक्षरशः रडकुंडीला आला होता. आम्ही चौघेही चेंडू छान मारायचो, पण जमिनीलगत. तो खांबांकडे बोट दाखवून ओरडायचा, "वर! वर मार!" आणि आमच्यातला एकही जण वर मारायला तयार नाही.

शेवटी त्यानं खेळ थांबवला आणि विचारलं की तुम्हाला काही दुखापत आहे का. तेव्हा श्रीपादनं त्याला समजावलं. आम्ही वाढलो चिंचवड, निगडीच्या सोसायट्यांमध्ये. दोन बिल्डिंगच्या मध्ये खेळायचं, वर खिडक्यांच्या काचा. त्यामुळे पहिला नियम, उचलून मारलं की आऊट. तीस वर्षं अंगात मुरलेला नियम एका महिन्यात कसा जाणार?

डोनलनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथे काच नाही. तुमची सोसायटी सात हजार किलोमीटरवर आहे. तरी तुम्ही तिथलाच नियम पाळताय." जरा थांबून तो म्हणाला, "पाळा. मला समजतं ते."

ते त्याला किती समजत होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

* * *

डोनलचे वरचे दोन दात खोटे आहेत. एकदा ते निखळले म्हणून त्याला डॉक्टरकडे जावं लागलं, आणि भाषांतराला मी सोबत. फॉर्मवर एक रकाना होता, मूळ दात कशामुळे गेले? डोनलनं एकच शब्द लिहिला. नाखबार. शेजारी.

काउंटरवरची बाई गंभीर झाली. शेजाऱ्यांची भांडणं मिटवायला सरकारी मध्यस्थ असतो, त्याचा पत्ता तिनं आम्हाला आस्थेनं लिहून दिला. डोनलनं तो घडी घालून खिशात ठेवला.

खरी गोष्ट अशी, की डोनलच्या गावाला लागून एक नदी आहे, आणि नदीपलीकडे दुसरं गाव. दोन्ही गावांची सोयरीक होते, गुरांची देवघेव होते, पण हर्लिंगच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. पलीकडच्या टॉम नावाच्या बचावपटूनं हे दात पाडले. डोनल सांगायचा की त्याच्या वडिलांनी मरताना पाद्रीबाबांसमोर सगळ्यांना माफ केलं, पण नदीपलीकडच्यांचा विषय निघाल्यावर भिंतीकडे तोंड केलं.

* * *

आता त्याच्या करिअरबद्दल. आम्ही खूप विचारल्यावर एकदाच बोलला.

अठराव्या वर्षी त्याला जिल्ह्याच्या टीमच्या निवड चाचणीला बोलावणं आलं. गावातून असं बोलावणं आलेला तो पहिलाच. धाकट्या भावानं, शेमसनं, त्याच्या काठीला रात्रभर तेल चोळलं. चुलत्याचे बूट घातले, कारण स्वतःचे फाटलेले. तिथे पोचल्यावर एका निवडकर्त्यानं सांगितलं, कडेला थांब, बोलावतो. डोनल थांबला. पहिला हाफ झाला, दुसरा झाला. मध्ये एकदा त्याला हाक आली तेव्हा तो काठी घेऊन पळत गेला, तर कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा होता.

तो त्यानं आणून दिला. जिल्ह्याच्या टीममधलं त्याचं अख्खं करिअर तेवढंच.

"घरी काय सांगितलंस?" कात्रीननं विचारलं.

"सांगितलं की चेंडूला हात लागला," डोनल म्हणाला.

* * *

गावाकडून मात्र तो चौदा वर्षं खेळला. तेरा नंबरची जर्सी. एवढ्या वर्षांत त्याचं गाव एकदाच फायनलला पोचलं, आणि समोर अर्थातच नदीपलीकडचे. शेवटचं मिनिट. डोनलचं गाव दोन पॉइंटनी मागे. चेंडू डोनलकडे आला, समोर फक्त गोलकीपर. गोल झाला की तीन पॉइंट, एका पॉइंटनं जिंकलो.

डोनलनं मारला. चेंडू खांबाला लागला आणि बाहेर आला.

मी विचारलं, मग गावानं शिव्या घातल्या असतील? तो म्हणाला, तेच तर. कोणी एक अक्षर बोललं नाही. दुकानात पाव घ्यायला गेला की हवेविषयी बोलायचे. चर्चमध्ये हवेविषयी. घरी जेवताना वडील गवताविषयी. दोन वर्षं त्या गावात डोनलसमोर कोणी 'खांब' हा शब्दसुद्धा उच्चारला नाही, आणि तिथे कुंपणाला जागोजागी खांब! मग तो काम करायचा तो कारखाना बंद पडला आणि तो सहा महिन्यांसाठी म्हणून जर्मनीत आला. त्याला सतरा वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो शेवटचा घरी जाऊन आला. घरात आता शेमस एकटा.

मला वाटतं, डोनलला कोणीतरी एकदा खडसावून शिवी दिली असती, तर तो आज तिथेच असता.

* * *

त्याचा आठवडा रविवारी संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा. पाचला शेमसचा फोन. शेमस गावच्या क्लबाचा सेक्रेटरी, म्हणजे माझ्याच जातीचा माणूस. डोनल स्वयंपाकघरात टेबलावर क्लबाच्या मोडक्या काठ्यांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकत बसायचा, हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर. शेमस मॅचचा निकाल सांगायचा. कोण कसं खेळलं, कोणाला लागलं, पंच कसा आंधळा होता. डोनलचा फोन बटणांचा. आणि त्या लहानशा टीमचे निकाल तसेही कुठे शोधून सापडण्यातले नव्हते. तो म्हणायचा, निकाल माणसाच्या तोंडून ऐकावा.

मंगळवारी प्रॅक्टिसला आला की तो आम्हाला ते सगळं सांगायचा. ऐकून ऐकून आम्ही त्या टीमचे चाहते झालो. गेली दोन-तीन वर्षं ती सारखी हरत होती. दोन पॉइंटनी, चार पॉइंटनी, एकदा पावसामुळे सातनी. पण एक नवा गोलकीपर आला होता, त्याच्यावर आमचा फार जीव. त्याचं बोट मोडलं तेव्हा आमच्याकडे हळहळ. श्रीपाद पीएचडी संपवून नोकरीला ड्रेस्डेनला गेला, तरी तिथून फोन करून आधी विचारायचा, "कीपरचं बोट कसंय?" माझी बायको म्हणायची की सख्ख्या मामाच्या बायपासला श्रीपादनं इतके फोन केले नव्हते.

* * *

डोनल आमच्याकडून कधी मॅच खेळला नाही. शिकवायचा, काठ्या दुरुस्त करायचा, गाडी चालवायचा, पण मैदानावर उतरायचा नाही. कारण आमच्याकडून खेळायचं तर गावच्या क्लबातून नाव काढून घ्यावं लागतं. त्याचा एक फॉर्म असतो. तो नऊ वर्षं त्याच्या गाडीच्या कप्प्यात पडून होता, टायरच्या पावत्यांखाली. दर वसंतात मी आठवण करून द्यायचो, आणि तो म्हणायचा, "यंदा नको. गावाला कदाचित माझी गरज लागेल."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरवत नाही, आणि गावाला गरज लागेल!

युरोपातल्या स्पर्धांत पंधरा माणसं कुठून आणणार, म्हणून नऊ-नऊ खेळतात. स्पर्धेआधी पंचांना नावांची यादी द्यायची, तीही आयरिश भाषेत. ते काम डोनल आवडीनं करायचा. माझं आडनाव त्यानं कसं लिहिलंय ते मला आजतागायत वाचता आलेलं नाही. आमची आठ-नऊ माणसं जेमतेम जमायची. आठच असली तर डोनल आठ नावं लिहायचा आणि नववी ओळ आखून रिकामी ठेवायचा. पंच विचारायचे, नववा कोण? डोनल म्हणायचा, "आहे. पण गावी गेलाय."

* * *

यंदाच्या वसंतात आम्ही पुन्हा आठ झालो. श्रीपाद आधीच गेलेला, कात्रीनच्या नवऱ्याची पाठ गेली. मला वाटलं, आता पुरे झालं. डोनलनं मरायच्या आधी एकदा तरी खेळावं.

इतकी वर्षं या देशात राहिलं की एक रोग जडतो. अर्धवट फॉर्म बघवत नाही. डोनलच्या गाडीतून कात्रीनला आणायला गेलो असताना मी कप्प्यातून त्याचा तो फॉर्म काढला, त्यावरचा सभासद नंबर उतरवला आणि कोणाला न विचारता त्याच्या गावच्या क्लबाला एक ईमेल पाठवलं. सही वगैरे काही नाही हं, नुसती चौकशी. कोणकोणते कागद लागतील, एवढंच. डोनलला सगळं तयार करूनच दाखवू, असा विचार.

ईमेल परत आलं. असा पत्ता नाही. दुसऱ्यांदा पाठवलं, तेही परत. कोणताही समजूतदार माणूस इथे थांबला असता. मी सेक्रेटरी. मी नकाशा उघडला, नदीपलीकडचा क्लब शोधला आणि त्यांना डोनलचं नाव, काम सांगून विचारलं की तुमच्या शेजारच्या क्लबाशी संपर्क कसा करायचा?

तीन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा टॉम. तोच, दात पाडणारा, आता अध्यक्ष.

"तो क्लब तीन वर्षांपूर्वी बंद झाला. पंधरा माणसं जमेनात. जे पाच-सहा उरले ते आमच्यात आले. कागदावर शेमसनंच सही केली. तेव्हापासून डोनलचं नाव आमच्या यादीत आहे, तुम्हाला हवं तर मी सोडतो. पण त्याला हे माहीत आहे का? शेमसनं आम्हाला सगळ्यांना गप्प राहायला सांगितलंय. ता. क. दातांबद्दल सॉरी म्हणायचं राहून गेलं."

मी ते ऑफिसात वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन बाकावर बसून राहिलो. तीन वर्षं. म्हणजे दर रविवारी पाच वाजता शेमस टीम बनवत होता, मॅच बनवत होता, पाऊस पाडत होता, पंचाला आंधळा करत होता. आणि टीमला सारखं हरवत का होता, तेही माझ्या लक्षात आलं. जिंकलेल्या टीमचा फोटो काढतात, आणि भाऊ तो मागणारच. हरलेल्यांचा फोटो कोणी मागत नाही.

बायको म्हणाली, "डिलीट कर आणि गप्प बस." श्रीपादला ड्रेस्डेनला फोन करून सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, कीपरपण नाही?"

"नाही रे," मी म्हटलं.

लपवून ठेवायला मला जमेना. माझ्या तोंडावर ते दिसलंच असतं. रविवारी दुपारी मी कागद छापून खिशात घातला आणि डोनलकडे गेलो. तो नेहमीप्रमाणे टेबलाशी, पट्ट्या ठोकत. मी जर्मन, इंग्रजी, जमेल त्या भाषेत माफी मागितली आणि कागद पुढे ठेवला.

त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं मी नदीपलीकडचा आहे."

त्यानं चष्मा काढून कागदावर ठेवला.

"बापानं तोंड फिरवलं असतं," तो म्हणाला. आणि मग, "तो कीपर चांगला होता, मिलिंद." आणि त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा असं पाहिलं, आणि मला माझीच अशी चीड आली की सांगता येत नाही. मी निघायला उठलो. त्यानं हातानंच बसायला सांगितलं.

पाच वाजले. फोन वाजला. डोनलनं हातोडी खाली ठेवली आणि स्पीकर लावला.

शेमसनं खोकून घसा साफ केला. आधी हवा, मग गवत. मग म्हणाला, आज काही खरं नव्हतं, पहिल्या हाफलाच आपले—

"शेमस," डोनल मध्येच म्हणाला. "मी वेगळं ऐकलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी ऐकलं, आपण जिंकलो. शेवटच्या मिनिटाला. एका पॉइंटनं."

डोनल फोनकडे बघत होता. हात टेबलावर पालथे ठेवलेले. शेवटी शेमसचा आवाज आला, अगदी हळू.

"हो. जिंकलो."

"गोल कोणी मारला?"

"तेरा नंबरनं," शेमस म्हणाला. "खांबाला लागला, आणि आत गेला."